लेसर शस्त्रक्रिया आणि दृष्टिदोष : अर्ध्या मिलिमीटरचे गणित

चष्म्याचा नंबर 'कायमचा घालवून देणारी' शस्त्रक्रिया म्हणून लॅसिकची ओळख आता लहान शहरांतील जाहिरात फलकांपर्यंत पोहोचली आहे. या शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते, तिच्यामुळे कोणता दोष दूर होतो आणि कोणता होत नाही, याची माहिती मात्र त्या मानाने फारच थोड्यांना असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या दृष्टीने तर हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेपुरता मर्यादित नाही. काही सेवांच्या वैद्यकीय पात्रतेशी त्याचा थेट संबंध येतो.

डोळ्याची एकूण अपवर्तन शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. प्रतिमा तयार करण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे डोळ्यातील भिंगाला दिले जाते. परंतु या शक्तीचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा, म्हणजे सुमारे ४३ डायॉप्टर, हा डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा, म्हणजेच पारपटलाचा असतो. हे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, सरासरी ५४० मायक्रॉन जाडीचे असते. निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोलाची लांबी वाढलेली असते व त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. अशा वेळी पारपटलाची वक्रता थोडी कमी केली, तर प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडते. लेसर शस्त्रक्रियेचे तत्त्व एवढेच आहे. नेत्रगोलाची लांबी तिने बदलत नाही, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालविण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. कोलंबियातील बोगोटा येथे होसे बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पारपटलाचा पातळ थर काढून, त्याला आकार देऊन पुन्हा बसविण्याचे तंत्र विकसित केले. १९७० च्या दशकात मॉस्को येथे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत पारपटल दुबळे होई आणि पुढील काही वर्षांत अनेकांचा नंबर उलट दिशेने, म्हणजे दूरदृष्टितेकडे सरकत जाई. हाताने चालविलेल्या पात्याच्या अचूकतेला मर्यादा होती. मायक्रॉनच्या अंशाइतका थर काढू शकेल असे साधन हवे होते. ते मिळाले एका संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत.

रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ साली मद्रास येथे झाला. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले व पुढे न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. तेथे अतिनील किरणांचा प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकांवर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. नेत्रचिकित्सेशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. सॅम्युएल ब्लम व जेम्स वाईन हे त्यांचे सहकारी. एक्झायमर लेसरने बहुवारिकावर स्वच्छ कोरीवकाम होते, तर ते सजीव उतींवरही होईल काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी घरच्या जेवणातील टर्की पक्ष्याचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेत नेला व त्यावर हा लेसर चालविला. सामान्य हिरव्या लेसरने त्याच तुकड्यावर जळाल्याचे काळे डाग उमटले. अतिनील लेसरने मात्र काठोकाठ स्वच्छ खाच पडली. मूलभूत संशोधनाची उपयुक्तता कोठून प्रकट होईल हे आधी सांगता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. एक्झायमर लेसरमध्ये अरगॉन व फ्लुओरीन या वायूंच्या उत्तेजित संयोगातून १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर कार्बन-कार्बन बंध तोडण्यास साधारणपणे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. त्यामुळे उती तापून जळण्याऐवजी रेणूंमधील बंधच तुटतात आणि त्यांचे तुकडे पृष्ठभागावरून उडून जातात. आजूबाजूच्या उतीला उष्णतेची झळ जवळपास लागत नाही. शिवाय हे किरण वरच्या अत्यंत पातळ थरातच शोषले जातात. ते आतील भिंगापर्यंत किंवा दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाहीत. प्रत्येक स्पंदाबरोबर निघणाऱ्या थराची जाडी साधारण पाव मायक्रॉन असते.

या शोधाचा नेत्रशस्त्रक्रियेसाठी उपयोग होऊ शकेल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी ओळखले. श्रीनिवासन यांच्यासमवेत केलेले त्यांचे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर लेसरने पारपटलाच्या पृष्ठभागाला आकार देण्याची, म्हणजे पीआरके ही शस्त्रक्रिया केली. त्यानंतर अल्पावधीतच ग्रीसमधील क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी पारपटलाची एक झडप उचलून तिच्याखाली लेसर चालविण्याची पद्धत विकसित केली. हीच लॅसिक. श्रीनिवासन, ब्लम व वाईन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक जाहीर झाले व २०१३ मध्ये ते समारंभपूर्वक प्रदान करण्यात आले.

जाडीचा हिशेब

किती नंबरासाठी किती थर काढावा लागेल, याचे एक सोपे सूत्र आहे. उपचाराच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास नंबराने गुणावे व तीनने भागावे. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. व्यास ६ मिलिमीटर धरल्यास एका नंबरासाठी १२, पाच नंबरासाठी ६० व दहा नंबरासाठी १२० मायक्रॉन उती खर्च होते. झडपेची जाडी साधारण ११० मायक्रॉन धरली, तर ५४० मायक्रॉनच्या पारपटलात पाच नंबर घालविल्यानंतर झडपेखाली ३७० मायक्रॉन शिल्लक राहतात. हे पुरेसे आहे. परंतु पारपटल मुळातच ४८० मायक्रॉनचे असेल व नंबर दहा असेल, तर शिल्लक राहतात अवघे २५०, आणि सुरक्षिततेची रूढ किमान मर्यादाही तीच आहे. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया नाकारणारा डॉक्टर त्याचे हितच पाहत असतो. त्याच्यासाठी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स हे पर्याय असतात. काहींच्या बाबतीत नैसर्गिक भिंग तसेच ठेवून डोळ्यात अतिरिक्त भिंग बसविले जाते.

काढलेला थर पुन्हा भरून येत नाही. पारपटल प्रमाणाबाहेर पातळ झाल्यास डोळ्यातील दाबामुळे ते हळूहळू पुढे फुगू लागते व दृष्टी चष्म्यानेही सुधारेनाशी होते. काहींच्या पारपटलात हा शंकूसारखा फुगवटा आणणारा केरॅटोकोनस हा विकार मुळातच दडलेला असतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात प्रौढांच्या पाहणीवर आधारित आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे प्रमाण २.३ टक्के आढळले. निदानाचा निकष त्यात काहीसा सैल होता हे खरे. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाचा संपूर्ण आलेख का काढावा लागतो, याचे उत्तर त्यात आहे. वय किमान १८ पूर्ण आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा, ही अटही अशीच. लग्न ठरविण्यापूर्वी मुलीचा चष्मा उतरविण्याची घाई अनेक घरांत केली जाते. नंबर अजून वाढत असताना केलेली अशी घाई वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

पारपटलातील सूक्ष्म चेतातंतू कापले गेल्याने शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे राहणे ही नेहमीची तक्रार आहे. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे ही दुसरी. वयाच्या चाळिशीनंतर लागणारा जवळचा चष्मा, ज्याला मराठीत चाळिशी असेच नाव पडले आहे, तो डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे लागतो. पारपटलावरील लॅसिकने तो टळत नाही. शिवाय मोठ्या नंबराच्या लांबट डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका नंबर गेल्यानंतरही तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून नेत्रतपासणी बंद करणे त्यामुळे चुकीचे ठरते.

अलीकडे झडप कापण्यासाठी पात्याऐवजी फेमटोसेकंद लेसर वापरला जातो. त्यामागील अतिलघु स्पंदांचे तंत्र डोना स्ट्रिकलंड व जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. स्माइल पद्धतीत याच लेसरने पारपटलाच्या आत एक चकती तयार करून ती लहानशा छेदातून काढली जाते. झडप लागत नाही. उतीचा हिशेब मात्र तेथेही चुकत नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहता अपवर्तन दोषांवरील मुख्य उपाय आजही चष्मा हाच आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शाळांमधून नेत्रतपासणी व गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्यात येतात. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये, अपवर्तन दोषांवरील परिणामकारक उपचारांची व्याप्ती २०३० पर्यंत ४० टक्के बिंदूंनी वाढविण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ते गाठण्याचा मार्गही मुख्यतः चष्म्यांतूनच जातो.

भरतीचे नियम

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत चष्मा अडचणीचा ठरेल, या समजुतीने अनेक उमेदवार लॅसिककडे वळतात. प्रत्यक्षात सेवेनुसार नियम भिन्न आहेत. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदांसाठी २०२४ मध्ये निघालेल्या भरती सूचनेत, अपवर्तन दोष घालविण्यासाठी लॅसिक अथवा अन्य शस्त्रक्रिया केलेले उमेदवार या पदास अपात्र असल्याचे नमूद होते. म्हणजे नोकरीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनेच नोकरीची वाट बंद होऊ शकते. सशस्त्र दलांच्या ज्या शाखांत ही शस्त्रक्रिया ग्राह्य धरली जाते, तेथेही शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर लोटलेला काळ, पारपटलाची शिल्लक जाडी व नेत्रगोलाची लांबी यांविषयी अटी असतात. त्या वेळोवेळी बदलतात. म्हणून ज्या पदासाठी अर्ज करावयाचा, त्याची ताजी अधिसूचना शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया झाल्याचे लपविणेही शक्य नसते, कारण पारपटलाच्या आलेखात मध्यभागाचा सपाटपणा स्पष्टपणे दिसून येतो.