कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण : थोडक्यात

- दोन प्रकारची कौशल्ये : तांत्रिक कौशल्य म्हणजे यंत्र, संगणक, हिशेब. सॉफ्ट स्किल्स म्हणजे संवाद, ऐकून घेणे, मतभेद मिटवणे.
- मेंटॉर आणि कोच : मेंटॉर हा अनुभवी सहकारी, दीर्घकाळ मार्गदर्शन करतो. कोच ठरावीक उद्दिष्टासाठी, ठरावीक काळ काम करतो.
- जोहारी विंडो (१९५५) : जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगहॅम यांची मांडणी. आपल्याला आणि इतरांना आपल्याविषयी काय ठाऊक आहे, यावरून चार भाग : खुला, अंध, झाकलेला, अज्ञात.
- कर्कपॅट्रिक पद्धत (१९५९) : प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासले जाते : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम.
- कायद्याने बंधनकारक : महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार मालकाने ठरावीक काळाने जागृती कार्यशाळा घ्यायच्या असतात. १० किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती आवश्यक.
- सरकारी नोकरीत : कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीच्या मिशन कर्मयोगी या कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी सप्टेंबर २०२०मध्ये. अभ्यासक्रम आयगॉट या ऑनलाइन मंचावर. महाराष्ट्रात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची शिखर संस्था : यशदा, पुणे.