प्रवाळ आजारी पडतो तेव्हा

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेला एक विद्यार्थी आज इंग्लंडमध्ये अभियंता आहे. विद्यालयाला काही भेट द्यावी, या इच्छेने त्याने मागील वर्षी आम्हांस लिहिले, "सर, माझ्या घरी आहे तसे जिवंत प्रवाळांचे मत्स्यालय विज्ञान कक्षात उभे करून देतो. खर्च सर्व माझा." ही भेट विद्यालयाला स्वीकारता आली नाही. त्याचे कारण पुढे येईलच. मात्र त्यानंतरच्या पत्रव्यवहारात त्याने आपल्या मत्स्यालयावर आलेल्या एका संकटाची हकिगत कळविली आणि चार वर्षांच्या नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे पाठविली. त्याच्या अकरा फांदीदार प्रवाळांपैकी सात एका हिवाळ्यात मेले होते. ते का मेले, हा त्याचा प्रश्न होता.

आमचा विषय इतिहास. प्राणिशास्त्राशी संबंध पाठ्यपुस्तकापुरता. तरीही ती पाने वाचताना काम ओळखीचे वाटले. साधने समोर आहेत, घटनाक्रम लावावयाचा आहे. त्यासाठी आधी विषय समजून घेणे भाग होते. तो समजून घेताना जे हाती आले, ते येथे मांडत आहोत.

प्रवाळ हा प्राणी आहे. नखाएवढ्या किंवा त्याहून लहान अशा असंख्य जीवांची ती वसाहत असते आणि ते सर्व मिळून चुन्याचा सांगाडा उभारतात. त्यांच्या मांसल थरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा तपकिरी रंग बहुतांशी या शैवालाचाच असतो. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली होती. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल शरीराबाहेर टाकतो, हे त्या मोहिमेतील निरीक्षणांत नोंदले गेले. आज वृत्तपत्रांत 'प्रवाळांचे विरंजन' म्हणून जे वाचावयास मिळते, ते हेच. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी ते मोठ्या प्रमाणावर घडले.

घरातील काचेच्या टाकीत प्रवाळ जगविण्याची विद्या मात्र अलीकडची. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी एक लेख लिहून दाखविले की, समुद्रातील जीवाणूंसह आणलेले सच्छिद्र दगड टाकीत ठेवले आणि हवेचे बुडबुडे सोडले, तर पाणी स्वतःच शुद्ध राहू शकते. पुढे पश्चिम बर्लिनमधील डिट्रिख श्ट्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दगडांना फेस काढणाऱ्या स्किमर यंत्राची जोड दिली आणि फांदीदार प्रवाळ टाकीत वाढवून त्यांचे तुकडे एकमेकांना वाटले. आजचे हौशी लोक याच परंपरेतले.

आता आजाराकडे वळू. प्रवाळ पांढरा पडला, एवढेच सांगून भागत नाही. पांढरेपण दोन प्रकारचे असते आणि त्यांतील फरक कळणे हीच निदानाची पहिली पायरी. पहिल्या प्रकारात शैवाल गेलेले असते, पण मांस शिल्लक असते. भिंगातून पाहिल्यास पांढऱ्या सांगाड्यावर काचेसारखा पारदर्शक थर दिसतो, कधी स्पर्शकेही बाहेर आलेली असतात. हा प्रवाळ जिवंत आहे, उपाशी आहे, आणि वाचू शकतो. दुसऱ्या प्रकारात मांसच सोलून निघते. बुडापासून किंवा मधूनच ते सुटू लागते आणि कोरडा सांगाडा उघडा पडतो. हे कधी आठवडे चालते, कधी एका रात्रीत आटोपते. येथे वाट पाहण्यास वेळ नसतो. निरोगी भागाच्या थोडे आतून फांदी कापून घ्यावी आणि ती नव्या दगडावर घट्ट गोंदाने चिकटवावी. मूळ वसाहत गेली तरी तिचा अंश राहतो.

इतर चिन्हे थोडक्यात सांगतो. रंग उडण्याऐवजी सगळा प्रवाळ मातकट तपकिरी झाला, तर बहुधा प्रकाश कमी किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त. केवळ फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी झाली, तर अल्कलिनिटी चढली आणि पोषकद्रव्ये संपली, असा संशय घ्यावा. एकाच बाजूची कड गेली असेल, तर शेजारी कोण आहे ते पाहावे. काही प्रवाळ रात्री लांब स्पर्शके सोडून शेजाऱ्यास डंख करतात. मांसावर गोल चावे दिसले, तर चपटे कृमी शोधावेत. औषधी द्रावणात बुडविल्याने कृमी गळून पडतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून अंडी खरवडून काढावी लागतात आणि काही आठवडे बुडविणे पुन्हा पुन्हा करावे लागते. आणि मोठ्या मांसल प्रवाळावर तपकिरी बुळबुळीत लोळा दिसला, तर तो नळीने ओढून टाकावा व रोगी डोके ताबडतोब वेगळे करावे. हा रोग शेजाऱ्यांत पसरतो.

मात्र किडे आणि रोग ही कारणे नंतर शोधावयाची. बहुतेक वेळा प्रवाळ आजारी असतो तेव्हा पाणी आजारी असते. तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, खारेपणा हजारात ३५ भाग, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३००, अमोनिया शून्य. अल्कलिनिटी म्हणजे सांगाडा बांधण्यास लागणाऱ्या विरघळलेल्या बायकार्बोनेटचे ढोबळ माप. ती जर्मन अंशांत ८ ते ९च्या आसपास ठेवतात. नायट्रेट व फॉस्फेट थोडे असावे लागते; शून्यावर आणले तर शैवाल उपाशी मरते. खारेपणाबाबत नवशिक्यांची एक चूक ठरलेली. टाकीतील पाणी उडते तेव्हा मीठ मागे राहते, हे शिरोड्याची मिठागरे पाहिलेल्या कोणासही सांगावे लागू नये. तरीही उडालेल्या पाण्याच्या जागी लोक खारे पाणी भरतात आणि महिन्याभरात टाकी खारट करून ठेवतात. भरावयाचे ते शुद्ध गोडे पाणी.

आकडा चुकीचा निघाला तरी घाई करू नये. मापनद्रव्याची मुदत संपली आहे काय, हे आधी पाहावे आणि मोजणी दुसऱ्या संचाने पुन्हा करावी. अल्कलिनिटी दिवसाला एका अंशाहून अधिक हलवू नये. माशांच्या औषधांत अनेकदा तांबे असते. मासा बरा करण्यासाठी ते प्रवाळाच्या टाकीत ओतले, तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सर्व मरतात. मासे तेवढे उरतात. आणखी एक धोका माणसालाच आहे. झोआन्थिड नावाच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जगातील अतितीव्र विषांपैकी एक असते. असे दगड घासल्याने किंवा उकळत्या पाण्याने धुतल्याने विष वाफेतून वा तुषारांतून श्वासात जाते. इंग्लंडसह अनेक देशांत यामुळे घरातील माणसे रुग्णालयात गेली आहेत. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि दगड कधीही न उकळणे, हे नियम मोडू नयेत.

आता त्या नोंदवहीकडे येऊ. त्यातील क्रम असा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वरच्या दगडांवरील प्रवाळ फिके पडू लागले. आमच्या विद्यार्थ्यास वाटले, पाणी घाण झाले. त्याने फॉस्फेट शोषणारी खडी दुप्पट घातली. चार दिवसांत फॉस्फेट मापापलीकडे उतरले. प्रवाळांना बळ यावे म्हणून त्याच आठवड्यात त्याने अल्कलिनिटी ८ वरून ११ वर नेली. टोके जळाली. मग दुकानदाराने दिलेल्या द्रावणात सर्व प्रवाळ बुडवून काढले. त्यानंतर मांस बुडापासून सुटू लागले. अल्कलिनिटीने घात केला, असा त्याचा निष्कर्ष होता. पहिल्या वाचनात आम्हांसही तो पटला.

ही पाने आम्ही नावगाव झाकून नववीच्या वर्गापुढे ठेवली. इतिहासाच्या तासाला साधनचिकित्सा शिकवावयाची होती. फलक आणि ताम्रपट यांच्या जोडीला एखादे आजचे साधन बरे, एवढाच हेतू. मुलांनी बरोबर तेच उत्तर दिले. एक मुलगी मात्र अडून राहिली. "सर, अल्कलिनिटी वाढवली ती फिके पडल्यानंतर. मग फिके कशाने पडले?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही तिला सगळी पाने दिली. दोन दिवसांनी ती नोंदवहीच्या मागील बाजूचे, खर्चाच्या हिशोबाचे पान घेऊन आली. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिव्यांची खरेदी लिहिलेली होती. जुन्या नळ्या काढून एलईडी बसविले होते. पाण्याच्या नोंदींत त्याचा उल्लेख कोठेही नव्हता, कारण दिवे पाण्यात जात नाहीत.

मग बाकीचे जुळत गेले. फिके पडले ते वरच्या दगडांवरचे. वाचलेल्या चारांपैकी तीन कपारीच्या सावलीत होते. नवे दिवे पूर्ण तेजाने लावल्यास प्रवाळ होरपळतात व शैवाल टाकतात. ते निम्म्या तेजाने लावून काही आठवड्यांत वाढवीत न्यावयाचे असतात. त्या दिवशी दिवे मंद केले असते, प्रवाळ खाली सरकवले असते, थोडे अन्न दिले असते आणि बाकी कशासही हात लावला नसता, तर ते पांढरेपण पहिल्या प्रकारचे होते. रंग परतण्यास महिने लागले असते, पण बहुधा परतला असता. उपाशी प्रवाळाचे उरलेसुरले अन्न त्या खडीने काढून घेतले, आणि अशक्त झालेल्यावर एकामागून एक उपाय झाले. विद्यार्थ्याचे उत्तर आले, "सर, हिशोबाचे पान मी पुन्हा उघडलेच नव्हते."

भेट नाकारण्याचे कारण कायद्याचे होते. भित्ती उभारणारे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा हौसेसाठी टाकीत ठेवणे आपल्या देशात गुन्हा ठरतो. सुट्टीत मालवणला जाणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात, प्रवाळ पाण्याखाली जाऊन पाहता येतात. त्यांवर पाय देऊ नये, तुकडा खिशात घालू नये.

विज्ञान कक्षात आता गोड्या पाण्याची एक टाकी आहे. तिच्या शेजारी दोरीने बांधलेली वही टांगली आहे. दिवा बदलला, तरी त्याची नोंद पाण्याच्याच पानावर करावयाची, असे त्या मुलीने पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.