यकृतात साचणारे लोखंड

बेळगावजवळच्या मच्छेत लोखंडाचे कुणाला अप्रूप नाही. उद्यमबागेपासून इथवर फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. खानापूर ओलांडून पश्चिमेला गेलात की जांभ्याची तांबडी जमीन लागते, तीही लोहानेच रंगलेली. तिथल्या रानात धनेश आणि डोंगरी मैना सुखाने राहतात. पिंजऱ्यात मात्र लोहामुळे यकृत निकामी होऊन मरणाऱ्या पक्ष्यांत मैना अगदी पुढे; जोडीला टूकन, नंदनपक्षी, लोरी आणि काही धनेश.

वड-उंबरासारख्या फळांतून शोषण्याजोगे लोह थोडेच मिळते. टॅनिन त्यातलेही अडवते. म्हणून या पक्ष्यांचे आतडे मिळेल तेवढे लोह ओढून घेते. उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी मैना आणि कोंबडी यांची तुलना केली. खाद्यात लोह वाढले की कोंबडीचे आतडे हात आखडता घेते. मैनेचे घेतच राहते. माणसातल्या आनुवंशिक लोहविकाराशी हे जुळते. जादा लोह बाहेर टाकायची खास सोय शरीरात नसल्याने ते यकृतात साचते, पेशी मरतात, पोटात पाणी होते, धाप लागते. पुष्कळदा यातले काहीच दिसत नाही आणि काल बोलणारी मैना सकाळी मेलेली सापडते.

रानातल्या पक्ष्याच्या यकृतातही लोह सापडते, पण त्याची कथा वेगळी. उपासमार, शिशाची विषबाधा किंवा रक्तातले परजीवी यांनी तांबड्या पेशी वा स्नायू झिजले की त्यातले लोह तिथे जमा होते. तो बहुधा दुसऱ्या दुखण्याचा माग असतो.

आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध बंदिवान महाधनेश म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा ‘विल्यम’. 1894 साली कारवारहून पिल्लू म्हणून आला आणि 1920 पर्यंत कार्यालयातच राहिला. फळांबरोबर उंदीर, विंचू, कच्चे मांस खाई. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेली. पेटलेली सिगार गिळूनही त्याला काही झाले नव्हते म्हणतात. शेवटी तारेचा तुकडा गिळल्याने गेला, अशी हकीगत आहे. मांसातले लोह फार सहज शोषले जाते, तरी गडी सव्वीस वर्षे जगला! पण एकट्या विल्यमच्या भरवशावर कुणी धनेशाला मटण घालू नये.

आज घरात मैना किंवा धनेश पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि तो असावाच. प्रश्न उरतो प्राणिसंग्रहालयांचा आणि जखमी पक्षी सांभाळणाऱ्यांचा. माया असते, म्हणून कोंबडीखाद्य, कुत्र्याची बिस्किटे, वर टॉनिक! खाद्यात किलोमागे शंभर मिलिग्रॅमहून कमी लोह असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पपई, केळे चालते. संत्रे-टोमॅटो टाळावे, कारण त्यांतली आम्ले लोहाचे शोषण वाढवतात.

निदान अवघड. रक्ततपासणी फसवते, क्ष-किरणात यकृत मोठे दिसते, पण खात्री यकृताचा तुकडा काढूनच होते. उपचार म्हणून आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का रक्त काढतात. दोनशे ग्रॅमच्या मैनेत ते जेमतेम दोन मिलिलिटर. दुसरा मार्ग डिफेरॉक्झामिनचा. थॅलेसेमियाच्या मुलांना देतात तेच इंजेक्शन पक्ष्याला रोज, महिनोन्‌महिने टोचावे लागते, आणि दर वेळी हातात धरल्याच्या धसक्यानेच आजारी पक्षी दगावण्याची भीती असते.