मानेवरची काळी वळी
(लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण पाळी लांबण्याचं कारण आणि बीजांडकोशात अर्धवट वाढून थांबलेल्या पुटिका पाहिल्या. सोनोग्राफीत त्यांची माळ दिसली की सगळ्यांचं लक्ष तिथेच खिळतं. आज मानेकडे पाहू.

पीसीओएस असलेल्या कितीतरी मुलींच्या मानेवर काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागणारी वळी असते. काखेतही असते. घरी तिला मळ समजतात. बेसन लावून होतं, लिंबू चोळून होतं, मुलीला बोलणीही बसतात. ती बोलणी मला फार लागतात, कारण तो मळ नसतोच. रक्तात वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं, त्याची ती खूण असते. घासून ती जाणार कशी?

इन्सुलिन वाढतं, कारण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. गोम अशी, की बीजांडकोश मात्र त्याला दाद देत राहतो आणि जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतो. त्याच वेळी, या टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी तयार करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरुमं, लांबलेली पाळी असा सगळा त्रास सुरू होतो.

आता रिपोर्ट. उपाशीपोटीची साखर ९०. 'नॉर्मल आहे' म्हणून कागद फाइलमध्ये जातो. पण ती ९० राखण्यासाठी स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासायची. ती १४० किंवा त्याहून जास्त आली, तर उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. इन्सुलिनचीच तपासणी का नको, असं अनेकजणी विचारतात. प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये ती असतेही. पण तिचे आकडे फारसे भरवशाचे नसतात, आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ती सरसकट करू नये असंच म्हटलंय. माझ्या मते ते पैसे ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल पाहण्यावर खर्चावेत. इन्सुलिनला दाद मिळत नसली की पहिलं चढतं, दुसरं उतरतं.

आणि वजन? २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! ते दोघे पुरुष, पण आपल्या शरीराची ही ठेवण बायकांनाही चुकलेली नाही. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ऐवजी २३वर ओढली आहे, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरला पोचली की सावध व्हायला सांगतात. 'तू तर बारीक आहेस, तुला कुठला पीसीओएस' असं कुणाला म्हणण्याआधी टेप हातात घ्यावी.

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरल्यानेही फरक पडतो. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. अनेकींची पाळी एवढ्यानेही मार्गी लागते. पण 'आधी वजन कमी करा, मग या' असं सांगून तिला परत पाठवणं मला क्रूर वाटतं. चढलेलं इन्सुलिन साठलेली चरबी सहजी सुटू देत नाही. ती खाण्यावर ताबा ठेवत असते, तरी काटा जागचा हलत नाही आणि दोष तिच्याच माथी येतो.

व्यायामाचं गणित वेगळं आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणजे जेवणानंतर वीस मिनिटं चाललेली बाई तिच्या स्वादुपिंडाचा भार त्याच दिवशी थोडा हलका करते. तिचं वजन तेवढंच राहिलं तरीही.

(पुढील लेखांकात : मेटफॉर्मिन कुणाला, कशासाठी)