गॅरेजमधला गोंगाट आणि तो जपणारे कान

आमच्या घरी सकाळी रेडिओवर भक्तिगीतं आणि रात्री निजण्यापूर्वी एखादी जुनी ध्वनिफीत, बहुधा मल्लिकार्जुन किंवा माणिकबाई, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या वर्षी त्यात नातवाच्या खोलीतून एक वेगळाच आवाज येऊ लागला. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा. कोणीतरी घसा फाडून ओरडतंय, गिटार खरखरतेय, ड्रम बडवला जातोय, आणि दोन-सव्वादोन मिनिटांत सारं एकदम बंद. मग लगेच दुसरं सुरू. न राहवून एकदा दार ढकललं आणि विचारलं, "अरे, हे काय चाललंय?"

"आजोबा, गॅरेज रॉक. १९६५ सालचं आहे. म्हणजे तुमच्या वेळचं!"

टोला बरोबर बसला. त्या गोंगाटाची गोडी मला लागली असं म्हणणं खोटं होईल. पण त्यामागच्या गोष्टीची मात्र लागली. कारण ही गोष्ट गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांची आहे, आणि ऐकणारा म्हणूनच ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ती ओढून घेणारच.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले. ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर गावोगावच्या पोरांना गिटार हवी झाली. सीअर्स या दुकानाच्या टपालाने माल पाठवणाऱ्या सूचीपत्रात एक स्वस्त गिटार मिळायची. तिची पेटीच ॲम्प्लिफायरचं काम करायची. पेटी उघडली, वायर जोडली, की झाली सुरुवात. प्रश्न जागेचा. आईबाप घरात वाजवू देईनात. मग मोटार बाहेर काढून ठेवायची आणि त्या गॅरेजमध्ये पोरांनी धिंगाणा घालायचा. नाव पडलं ते असं, पण बरंच नंतर. त्या पोरांना आपण 'गॅरेज रॉक' वाजवतोय याची गंधवार्ताही नव्हती.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात मात्र बीटल्सच्या आधीपासूनच हा उद्योग चालू होता. तिथल्या पोर्टलंड गावात १९६३च्या एप्रिलमध्ये किंग्जमेन नावाच्या पोरांनी 'लुई लुई' हे गाणं मुद्रित केलं. मूळ गाणं लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाचं, १९५७चं. लग्नाच्या खर्चासाठी त्याने त्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले होते. (ते परत मिळायला त्याला १९८०चं दशक उजाडावं लागलं.) पोर्टलंडच्या मुद्रणात मायक्रोफोन इतका उंच टांगलेला, की गायक जॅक इलीला मान वर करून ओरडावं लागलं, आणि त्यात त्याच्या दातांना तारा. गिटारचा तुकडा संपल्यावर तो एक आवर्तन आधीच सुरू झाला, चूक लक्षात येताच थांबला आणि ड्रमवाल्याने मधली जागा भरून काढली. ती चूक तशीच तबकडीत राहिली.

शब्द कोणालाच कळेनात. मग पोरांनी ते अश्लील असल्याची अफवा उठवली आणि पालकांनी ती खरी मानली. एका पालकाने थेट अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. एफबीआयने तपास हाती घेतला. तबकडी हळू फिरवून पाहिली, जलद फिरवून पाहिली. दोन वर्षांहून अधिक काळ हे चाललं. निष्कर्ष काय, तर कोणत्याही वेगाने वाजवा, शब्द कळत नाहीत! प्रत्यक्षात त्या गाण्यात एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाला आपल्या प्रेयसीची आठवण सांगतोय. बस्स, एवढंच.

अशी शेकडो टोळकी होती. गावातल्या छोट्या कंपनीकडून पाचशे-हजार तबकड्या काढायच्या, शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात विकायच्या, जवळच्या रेडिओ केंद्राने दोनदा वाजवलं तर आठवडाभर हवेत तरंगायचं. मिशिगनमधल्या क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्सची मुलं शेतमजुरीसाठी तिथे आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली. १९६६ साली त्यांचं एक गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. बाकीच्या बहुतेकांची गाडी गावाच्या वेशीबाहेर गेलीच नाही. पुढे कोणी कॉलेजात गेलं, कोणी व्हिएतनामला. १९६८पर्यंत खेळ आटोपला. तबकड्या रद्दीत गेल्या, दहा-दहा सेंटच्या ढिगात गेल्या.

इथून पुढची गोष्ट ऐकणाऱ्यांची.

न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांच्या दुकानात लेनी के नावाचा एक तरुण काम करायचा. संगीतावर लेख लिहायचा. १९६६ साली त्याने स्वतःही टोपणनावाने एक गाणं गाऊन पाहिलं होतं, ते चाललं नव्हतं. इलेक्ट्रा या कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांनी त्याला अशा विसरलेल्या गाण्यांचा एक संग्रह करायला सांगितलं. १९७२ साली 'नगेट्स' नावाने दोन तबकड्यांचा तो संच निघाला. २७ गाणी. आत लेनी केचं मनापासून लिहिलेलं टिपण, कोण कुठल्या गावचे, काय वाजवलं, पुढे काय झालं. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारे दर्दी जसे मुखपृष्ठावरच्या एका ओळीसाठी जिवाचं रान करतात, त्याच जातीचं हे काम. संच फारसा खपला नाही. पण ज्यांनी घेतला त्यांनी तो झिजेपर्यंत वाजवला.

पश्चिम किनाऱ्यावर ग्रेग शॉ नावाचा आणखी एक वेडा होता. १९६६ सालीच, ऐन विशीच्या आत, त्याने सॅन फ्रान्सिस्कोत घरगुती छपाईची संगीतपत्रिका काढली होती. नंतर 'हू पुट द बॉम्प' काढली. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेली ही नियतकालिकं, त्यांना तिकडे फॅनझिन म्हणतात. पत्रांच्या स्तंभात भांडणं, तबकड्यांच्या याद्या, अदलाबदलीच्या जाहिराती. ओहायोतल्या कोणाकडे टेक्सासच्या एका पथकाची तबकडी आहे, ती फीत करून पाठवली जायची, बदल्यात दुसरी यायची. शॉने पुढे स्वतःची कंपनी काढली आणि 'पेबल्स' नावाने अशा दुर्मीळ गाण्यांचे संच काढले. 'नगेट्स' म्हणजे सोन्याची ढेकळं, 'पेबल्स' म्हणजे नुसते खडे. पण वेचणाऱ्याला दोन्ही सारखेच. २००४ साली तो गेला.

'पंक' हा शब्दही याच मंडळींनी रूढ केला. मूळ शब्द शिवीच्या वळणाचा. टुकार, उनाड पोरगा अशा अर्थाचा. १९७१ साली डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात डेव्ह मार्शने तो मिस्टीरियन्सच्या संदर्भात कौतुकाने वापरला. लेनी केच्या टिपणातही तो आहे. म्हणजे केसांचे तुरे आणि सेफ्टी पिना यायच्या कितीतरी आधी पंक म्हणजे गॅरेजमधली ती पोरंच होती.

लेनी केचा एक लेख वाचून पॅटी स्मिथ नावाची कवयित्री त्याला शोधत आली. १९७१च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये तिने कविता वाचल्या आणि त्याने गिटार धरली. १९७५ साली त्यांची 'हॉर्सेस' ही तबकडी आली. हिली क्रिस्टल यांच्या बावरी भागातल्या सीबीजीबी या अंधाऱ्या, कळकट क्लबात ते वाजवायचे. तिथेच क्वीन्स भागातली चार पोरं यायची, रमोन्स. त्यांची पहिली तबकडी १९७६ साली सुमारे ६४०० डॉलरमध्ये तयार झाली. त्या काळी मोठ्या पथकांचे यापेक्षा कितीतरी अधिक डॉलर नुसत्या ध्वनिमुद्रणात जात. त्या चौघांपैकी आज एकही हयात नाही. सीबीजीबीही २००६ साली बंद झाला. शेवटच्या रात्री वाजवायला पॅटी स्मिथच होती, आणि तिच्या शेजारी लेनी के.

रमोन्सची तबकडी इंग्लंडात पोचली तेव्हा मार्क पेरी नावाचा बँकेतला कारकून इतका भारावला, की जुलै १९७६मध्ये त्याने टाइपरायटरवर 'स्निफिन ग्लू' नावाचं फॅनझिन बडवलं. मथळे फेल्ट पेनने. पहिल्या अंकाच्या जेमतेम पन्नास प्रती. पुढे खप हजारोंवर गेला, तेव्हा त्याने वाचकांना बजावलं, की माझं वाचत बसू नका, स्वतःचं काढा. आणि बारा अंकांनंतर १९७७ साली चालतं पत्र बंद केलं. तोवर त्याचं स्वतःचं वाद्यवृंद पथक उभं राहिलं होतं. त्याच सुमारास दुसऱ्या एका फॅनझिनने गिटारवरच्या तीन स्वरमेळांचं चित्र छापून खाली सल्ला दिला, की आता एक पथक काढा. आपल्याकडे बारा वर्षं गुरूच्या घरी पाणी भरल्याच्या कथा ऐकून वाढलेल्या माणसाला हे वाचून घेरीच येते! पण सल्ला फुकट गेला नाही.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम ठरवणारे दोघे तरुण चाहतेच, हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली. तिकीट ५० पेन्स. जेमतेम चाळीसएक माणसं आली. पुढे मात्र 'मी त्या रात्री होतो' असं सांगणारे हजारो निघाले. आपल्या 'संयुक्त मानापमान'सारखंच हे! १९२१ साली तो पाहिल्याचं सांगणाऱ्यांना खरोखरच बसवायचं म्हटलं असतं तर मुंबईत थिएटर पुरलं नसतं. पण त्या चाळिसांत पीटर हुक होता. त्याने दुसऱ्या दिवशी गिटारचं दुकान गाठलं, आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हे पथक उभं राहिलं. डेव्होटो आणि शेलीने बझकॉक्स काढलं. शेलीच्या वडिलांकडून आणि इतरांकडून उसने पैसे घेऊन १९७७च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच चार गाण्यांची तबकडी काढली, हजार प्रती. वेष्टनावर कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं तेही छापलं. जणू पाककृतीच, ज्याला करायचं त्याने घरी करून पाहावं.

आणि पॉली स्टायरीन. सोमाली वडील, स्कॉटिश-आयरिश वंशाची आई. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी तिने पिस्टल्सना ऐकलं आणि जाहिरात देऊन आपलं पथक जमवलं. तिच्याही दातांना तारा होत्या. त्या लपवायच्या नाहीत असं तिने ठरवलं होतं. आरशासमोर कुढणाऱ्या आपल्या मुलींना मला या पोरीची गोष्ट सांगाविशी वाटते.

सगळंच गोड नव्हतं. कलाकारांवर थुंकण्याची रीत, केवळ धक्का द्यायला मिरवलेलं नाझी स्वस्तिक, मादक पदार्थ. सिड व्हिशस २१व्या वर्षी हेरॉइनने गेला. चाहत्यांनी त्याची देवघरात मांडावी तशी छायाचित्रं मांडली, हे मला आजही पटत नाही. नातवाशी यावर वाद होतो. तो मला पिस्टल्स सोडून सॉनिक्स ऐकवतो.

हे सॉनिक्स वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावचे. १९६५ साली त्यांची पहिली मोठी तबकडी आली, पुढे दोन-तीन वर्षांत सारं मोडलं. सॅक्सोफोन वाजवणारा रॉब लिंड व्हिएतनाम युद्धात वैमानिक होता, नंतर प्रवासी विमानं चालवू लागला. इतर आपापल्या कामधंद्याला लागले. आणि इकडे त्यांच्या नकळत फ्रान्स, स्पेन, स्वीडनमधली पोरं त्यांच्या खरखरीत तबकड्यांवरून धडे गिरवत होती. २००७ साली चाहत्यांच्या आग्रहाने साठीची ही मंडळी ब्रुकलिनमध्ये रंगमंचावर उभी राहिली, आणि समोरची पंचविशीतली पोरं त्यांचा शब्दन् शब्द त्यांच्यासोबत ओरडत होती. २०१५ साली त्यांनी नवी तबकडीही काढली.

या वेड्यांचा धागा मुंबईशीही जुळतो. २००१ सालचा 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन चित्रपट सुरू होतो तोच आपल्या 'गुमनाम'मधल्या 'जान पहचान हो'ने! काळा मुखवटा लावून बेभान नाचणारी लक्ष्मी छाया, रफीसाहेबांचा आवाज, शंकर-जयकिशनचं संगीत, आणि पडद्यावर वाजवणारं टेड लायन्स अँड हिज कब्ज हे मुंबईचंच बीट पथक. चित्रपट १९६५चा, म्हणजे सॉनिक्सचाच समवयस्क. तिकडची गॅरेजवेडी मंडळी ते गाणं पुन्हा पुन्हा लावतात.

त्याहून मोठा धक्का नातवाने नंतर दिला. १९७० आणि १९७१ साली सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा झाली. देशभरातून, थेट शिलाँगहून फेंटोन्ससारखी पथकं आली. त्यांच्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या काळी परदेशी वाद्यं मिळणं मुश्कील, पोरं ॲम्प्लिफायर घरी जुळवायची. कलकत्त्याच्या 'ज्युनिअर स्टेट्समन'शिवाय त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ साली 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात त्यांची कहाणी लिहिली. पण त्याआधीच परदेशी संग्राहकांनी त्या तबकड्या शोधून काढल्या होत्या, पुन्हा छापल्या होत्या, मूळ प्रतींना मोठ्या किमती मोजल्या होत्या.

"आजोबा, ही स्पर्धा कुठे झाली ठाऊक आहे? षण्मुखानंदला. तुम्ही तेव्हा मुंबईतच होतात ना?"

होतो. दादरला राहत होतो. षण्मुखानंदला मीही जायचो, गाण्यालाच जायचो. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा होता. संध्याकाळी काळ्या पिशवीत गिटार घेऊन जिना उतरायचा. जिन्यात आम्ही त्याला वाट द्यायचो. तो कुठे वाजवतो, काय वाजवतो, आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. ७२-७३च्या सुमारास ते कुटुंब जागा सोडून गेलं. जाताना जिन्याखाली बरंच सामान टाकून गेले होते, त्यात काही तबकड्याही होत्या. रद्दीवाला आला तेव्हा दार मीच उघडलं होतं.