भरल्या ताटावर उपाशी

जिराफ म्हटला, की तुमच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम काय येते? अर्थातच त्याची लांबच लांब मान! नर जिराफाची उंची साडेपाच मीटरपर्यंत भरते. आणि एवढ्या मोठ्या मानेत मणके मात्र सातच, तुमच्या-आमच्या मानेत असतात तेवढेच! ही गंमत तुम्ही कुठेतरी वाचली असेल. आज मात्र आपण जिराफाच्या मानेकडे नव्हे, तर त्याच्या पोटाकडे पाहणार आहोत. कारण तेथे एक कोडे दडलेले आहे.

१९७८ साली मरे फाउलर या अमेरिकन पशुवैद्यांनी प्राणिसंग्रहालयांतील जिराफांच्या आकस्मिक मृत्यूंविषयी एक लेख प्रसिद्ध केला. वरवर धडधाकट दिसणारे जिराफ एकाएकी मरून पडत. मृत जिराफाची तपासणी केली, तर हृदयाभोवती असायला हवी ती चरबी संपून गेलेली आणि तिच्या जागी पाणचट, जेलीसारखा पदार्थ उरलेला आढळे. ही तर उपासमारीची खूण! पण या जिराफांच्या पुढ्यात रोज चारा होता, दाणाही होता. मग भरल्या ताटावर ते उपाशी कसे राहिले?

पोट नव्हे, कारखाना!

गाय, म्हैस, शेळी यांच्याप्रमाणेच जिराफ हाही रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात. पाला भराभर ओरबाडून या कोठीत साठवायचा आणि मग निवांतपणे एकेक घास पुन्हा तोंडात आणून चघळत बसायचे, असा हा क्रम. जिराफ रवंथ करत असताना घासाचा गोळा त्याच्या लांब मानेतून वर सरकताना आपल्याला चक्क दिसतो!

पाला आणि गवत यांत सेल्युलोज नावाचा चिवट पदार्थ असतो. तो पचविणारे एन्झाइम ना माणसाच्या शरीरात तयार होते, ना गाईच्या, ना जिराफाच्या. मग हे काम करते तरी कोण?

१८४३ साली ग्रुबी आणि देलाफों या दोघा संशोधकांनी फ्रान्समध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात असंख्य इवलेसे आदिजीव वळवळत होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की तेथे आदिजीवांबरोबर बुरशी असते आणि जीवाणू तर अगणित. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, हजार कोटी किंवा त्याहूनही अधिक जीवाणू सापडतात. पृथ्वीवरील सर्व माणसांची संख्याही एवढी नाही!

या जीवाणूंना प्राणवायू म्हणजे विषच. त्यामुळे पोटाबाहेर काढले की त्यांतले बहुतेक मरून जात. विसाव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राणवायूविरहित नळीत त्यांना वाढविण्याची युक्ती काढली, आणि मग त्यांचा अभ्यास सोपा झाला.

जिराफ आणि जीवाणू यांचा हा व्यवहार मोठा चोख आहे. जिराफ त्यांना उबदार घर देतो आणि चावून बारीक केलेला पाला पुरवितो. जीवाणू तो पाला आंबवितात. त्यातून अॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. (यांपैकी अॅसेटिक आम्ल तुमच्या ओळखीचे आहे, व्हिनेगरचा आंबटपणा त्याचाच.) ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा अशी मिळते. एवढेच नव्हे, तर पुढे वाहत गेलेले जीवाणू चौथ्या कप्प्यात स्वतःच पचविले जातात आणि जिराफाला प्रथिने पुरवितात.

थोडक्यात, जिराफ पाला खातो, पण जगतो तो जीवाणूंच्या जिवावर.

पाला वेगळा, गवत वेगळे

आफ्रिकेच्या माळरानावर जिराफ प्रामुख्याने झाडांचा पाला खातो. आपल्या बाभळीच्या जातभाईंचा पाला त्याच्या विशेष आवडीचा. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या जिभेने तो काट्यांमधून नेमकी पानेच ओढून घेतो.

पाला आणि गवत दोन्ही हिरवी असली, तरी पोटाच्या दृष्टीने सारखी नव्हेत. पाल्यातला पचण्याजोगा भाग लवकर आंबतो आणि उरलेला चोथा पुढे सरकतो. गवत मात्र सावकाश आंबते. त्याला पोटात बराच काळ मुक्काम लागतो. गाईचे पोट अशा मुक्कामासाठी घडलेले आहे, जिराफाचे नाही. त्याचे दातही कोवळ्या पाल्यासाठी आहेत. त्यामुळे बंदिवासातील जिराफांचे दात अधिक झिजलेले आढळतात.

दाण्याने केलेला घात

आता प्राणिसंग्रहालयाचा विचार करा. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात झाडे निष्पर्ण होतात. एवढा पाला आणायचा कोठून? मग वाळलेले गवत पुढे ठेवले जाई. जिराफ ते पुरेसे खाईना. तो रोडावू नये, म्हणून धान्याचा खुराक वाढविला जाई. हेतू चांगलाच होता. परंतु घात झाला तो येथेच.

तुमच्यापैकी जे खेड्यात राहतात, त्यांनी पाहिले असेल, की गाय किंवा म्हैस चुकून धान्याच्या राशीत शिरली आणि पोटभर दाणे खाऊन बसली, की घरात धावपळ उडते. जनावर सुस्तावते, चारा सोडते, प्रसंगी दगावते. असे का होते? दाण्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतो आणि तो अतिशय वेगाने आंबतो. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू भराभर वाढतात. एरवी कोठीपोटाचा सामू ६ ते ७ असतो. तो साडेपाचाच्याही खाली घसरतो. अशा आंबट द्रवात सेल्युलोज पचविणाऱ्या जीवाणूंचा निभाव लागत नाही.

रोज थोडाथोडा जास्त दाणा मिळणाऱ्या जिराफाच्या पोटात हेच सावकाश घडते. त्यात भर अशी, की दाणा फारसा चावावा लागत नाही. चावणे कमी, म्हणून लाळ कमी. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात आणि ते आम्ल मारतात. लाळ घटली, की आंबटपणा आणखी वाढतो. पोटाची भिंत सुजते, भूक मंदावते, खूर दुखू लागतात. चारा पुढ्यात असतो, पण तो पचविणारे कामगारच संपावर! अंगातली चरबी खर्ची पडते. अशात एखादी थंडीची लाट आली, की शरीर उबदार ठेवायला इंधनच शिल्लक नसते. आपल्या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग हा असा आहे.

शेणाची साक्ष

जिवंत जिराफाच्या पोटात डोकावायचे कसे? हल्ली शास्त्रज्ञ त्याच्या लेंड्या गोळा करतात आणि त्यांतील डीएनए वाचून कोणते जीवाणू नांदत आहेत ते ओळखतात. आहार बदलला, की जीवाणूंची वस्तीही बदलते, हे यावरून कळते. अर्थात लेंडी ही आतड्याच्या शेवटच्या टोकाची साक्ष देते. कोठीपोटाची हकीकत तिच्यातून पूर्ण कळत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

मग उपाय काय? आहारतज्ज्ञ सांगतात: धान्य कमी करा, तंतुमय पदार्थ वाढवा, साध्या गवताऐवजी लसूणघास द्या आणि मिळेल तेवढा पाला उंच टांगून ठेवा. काही प्राणिसंग्रहालये उन्हाळ्यात पाला तोडून गोठवितात किंवा हवाबंद दाबून त्याचा मूरघास करतात. गंमत पहा, मूरघास टिकविणारे जीवाणूही लॅक्टिक आम्लच तयार करतात! पोटात दाण्यावर माजले की घात करणारे हे आम्ल येथे पाल्याचा राखणदार होते. आणि आहार बदलायचा तो एकदम नव्हे, तर दोन-तीन आठवडे हळूहळू. कारण नव्या अन्नाला सरावायला जीवाणूंना वेळ हवा.

पुढच्या वेळी प्राणिसंग्रहालयात गेलात आणि हातातला पाव किंवा बिस्किट एखाद्या प्राण्याला द्यावेसे वाटले, तर जरा थांबा. ते नुसते त्या एका प्राण्याच्या तोंडात जात नाही. त्याच्या पोटातील कोट्यवधी जिवांच्या वस्तीत जाऊन पडते. आणि जिराफ पाहायला मिळाला नाही, तरी हरकत नाही. रवंथ करणाऱ्या शेळीजवळ घड्याळ घेऊन बसा. एक घास ती किती वेळा चावते आणि दुसरा घास किती सेकंदांनी वर येतो, ते मोजून वहीत लिहा. तोच कारखाना तुमच्या दारातही चालू आहे!