बिनतारी यंत्रास तार कशाला?

“सर, यंत्र जर बिनतारी, तर मग ही एवढी लांब तार कशाला?” मी आपल्या घराच्या गच्चीवर तार ओढीत असतां आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न केला. त्याचे सोबती हंसले. पण प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. ह्या लेखांत त्याचें उत्तर देण्याचें योजिलें आहे. आणि हौशी बिनतारी केंद्रास, ज्यास सामान्यतः हॅम रेडिओ म्हणतात, लागणारी साधी तार घरच्या घरीं कशी उभारावी हेंही सांगावयाचें आहे. पुष्कळ पालकांची अशी समजूत असते कीं, ह्या छंदास लोखंडी मनोरा व भारी किंमतीचें साहित्य लागतें. वस्तुतः त्यास पैशांपेक्षां अचूक मापाची व सावधगिरीची गरज अधिक आहे.

बिनतारी संदेशांत दोन गांवांच्या मध्यें तार नसते हें खरें. परंतु यंत्रांतील विद्युत्प्रवाह आपण होऊन आकाशांत उडी घेत नाहीं. तो एका तारेंत अतिशय वेगानें मागेंपुढें खेळविला म्हणजे तिच्यापासून विद्युच्चुंबकीय लहरी निघून दूरवर पसरतात. आणि त्या दुसऱ्या एखाद्या तारेवर आदळल्या म्हणजे तिच्यांत अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. लहरी सोडणाऱ्या व झेलणाऱ्या अशा तारेस एरिअल किंवा अँटेना म्हणतात. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यू फाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथें मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडील, इंग्लंडांतून पाठविलेला संकेत ऐकल्याचें सांगितलें. त्या वेळीं त्याची एरिअल म्हणजे पतंगानें उंच नेलेली एक लांब तार होती. पतंगास तार बांधण्याचा तो प्रयोग मात्र कोणीं करूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

आतां मापाकडे वळूं. तंबोऱ्याची तार लांब असली म्हणजे स्वर खालचा निघतो, आंखूड असली म्हणजे वरचा. एरिअलचेंही तसेंच आहे. लहरीची लांबी मीटरांत काढण्यासाठीं ३०० ला मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येनें भागावें. हौशी मंडळींच्या आवडीची ७.१ मेगाहर्ट्झ ही कंपनसंख्या घेतली तर लहर सुमारें ४२ मीटर लांब येते. तिच्या निम्म्या लांबीच्या तारेंत प्रवाह, आपल्या ठेक्यांत चाललेल्या झोक्याप्रमाणें, थोड्या जोरानेंही चांगला डोलतो. तारेच्या टोंकांपाशीं जो परिणाम घडतो त्यामुळें प्रत्यक्षांत ही लांबी शेंकडा पांच कमी धरावी लागते. म्हणून १४३ ला कंपनसंख्येनें भागावें, असा सोपा नियम आहे. १४३ ला ७.१ नें भागिलें असतां २०.१४ मीटर येतात. एवढ्या तारेच्या दहा-दहा मीटरांच्या दोन सारख्या भुजा कराव्या व त्यांच्या मधल्या टोंकांस यंत्राकडून आलेली केबल जोडावी. ह्या रचनेस डायपोल म्हणतात. १४.२ मेगाहर्ट्झसाठीं भुजा किती लांब लागेल, हें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. उत्तर पांच मीटरांहून किंचित् अधिक आलें पाहिजे.

साहित्य थोडेंच लागतें. घरांतील विजेच्या जोडणीस वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची, वेष्टण असलेली तांब्याची तार, नायलॉनची दोरी, ५० ओहमची कोॲक्सियल केबल, आणि मध्यभागीं व दोन्ही टोंकांस लावण्यासाठीं भोकें पाडलेले प्लॅस्टिकचे जाड तुकडे. मधल्या तुकड्यावर केबलचा गाभा एका भुजेस व त्याभोंवतालची जाळी दुसऱ्या भुजेस डाख देऊन जोडावी. सांधा असा गुंडाळावा कीं, पावसाचा थेंबही आंत जाऊं नये. केबलमध्यें एकदां पाणी शिरलें म्हणजे ती वायां गेली असें समजावें. सांध्याच्या लगत खालीं त्याच केबलचे वीतभर व्यासाचे आठ-दहा वेढे करून बांधिले असतां जाळीच्या बाहेरून प्रवाह घरांत उतरण्यास अटकाव होतो.

तार बांधण्यास दोन उंच खांब सर्वांपाशीं नसतात. अशा वेळीं एकच बळकट बांबू उभा करून तारेचा मध्य त्यावर चढवावा, आणि दोन्ही भुजा छपराच्या उतारासारख्या दोहों बाजूंस खालीं आणाव्या. प्रवाह मध्यभागीं सर्वांत अधिक व टोंकांस शून्य असतो. म्हणून लहरी मुख्यत्वेंकरून मधल्या भागांतून निघतात, व तोच भाग उंच असणें अगत्याचें आहे. दोन भुजांमधील कोन ९० अंशांहून कमी नसावा. १२० अंशांच्या आसपास असल्यास उत्तम. टोंकांस प्रवाह नसला तरी विजेचा दाब तेथेंच सर्वांत अधिक असतो, आणि संदेश पाठविला जात असतां त्यांस हात लागल्यास भाजतें. म्हणून टोंकें कोणाचाही हात पोहोंचणार नाहीं इतकीं उंच ठेवावीं. ऐकण्यापुरती तार पाहिजे असल्यास ती कौलारू घराच्या माळ्यावरही बांधितां येते. पत्र्याच्या छपराखालीं मात्र फारसा उपयोग होत नाहीं.

घर ठेंगणें म्हणून कोणीं खिन्न होऊं नये. ७ मेगाहर्ट्झची तार दहा मीटरांहून कमी उंचीवर असली म्हणजे तिच्या बहुतेक लहरी वर आकाशाकडे जातात, व वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांवरून परतून सभोंवारच्या कांहींशें किलोमीटरांच्या टापूंत उतरतात. परदेशाशीं बोलण्यास ही तार कमी पडेल. परंतु दिवसा आपल्याच प्रांतांतील गांवांशीं बोलण्यास ती पुष्कळदां उंच तारेहूनही सरस ठरते.

तार वर चढली म्हणजे ती यंत्राशीं जुळते कीं नाहीं, हें पाहावें लागतें. त्यासाठीं एस-डब्ल्यू-आर मीटर नांवाचें उपकरण असतें. यंत्राकडून गेलेल्या शक्तींतील किती भाग परत फिरतो, हें त्यावरून समजतें. समजा, प्रत्येक भुजा १०.४ मीटरांची आहे व परत येणारा भाग ६.९ मेगाहर्ट्झवर सर्वांत कमी दिसला. याचा अर्थ तार लांब आहे. १०.४ ला ६.९ नें गुणून ७.१ नें भागावें, १०.११ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक भुजा २९ सेंटिमीटर कमी केली पाहिजे. पण एकदम कापूं नये. आधीं टोंक मागें दुमडून पाहावें. येथें माझी फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या खेपेस मीं बरोबर दहा-दहा मीटर तार कापिली, आणि टोंकें बांधण्यांत हातभर तार गुंतेल हें विसरलों. एरिअल साडेसात मेगाहर्ट्झच्या जवळ जुळली, व मला वर चढून पुन्हां तुकडे जोडावे लागले. कापणें क्षणाचें काम, जोडणें दिवसाचें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आरंभीं ज्या मुलाचा प्रश्न सांगितला, त्यानेंच त्या दिवशीं मला मदत करावी म्हणून दोरीस दगड बांधिला व गल्लीपलीकडील चिंचेवर तो फेंकण्यास हात उगारिला. मधून विजेच्या तारा गेल्या होत्या. मीं त्याचा हात वेळीं धरिला; तो क्षण आठवला म्हणजे आजही माझ्या अंगावर कांटा येतो. चूक त्याची नव्हती. काम सुरू करण्यापूर्वीं त्या तारा मीं त्यास दाखविल्या नव्हत्या, ही माझी चूक. म्हणून नियम असा कीं, विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरिअल कधींही नेऊं नये. खांब कोणत्याही बाजूस पडला अथवा तार तुटून उडाली, तरी ती त्यांपर्यंत पोहोंचतां कामा नये. पतंगाचा प्रयोग वर्ज्य सांगितला तो ह्याच कारणास्तव. दुसरा शत्रू आकाशांतील वीज. वळवाचे ढग दिसूं लागण्यापूर्वींच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावूं नये. पालकांनींही मुलांस एकट्यानें गच्चीवर चढूं देऊं नये.

ऐकणें निराळें व बोलणें निराळें, हेंही ध्यानांत असावें. संदेश पाठविण्यासाठीं केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवावा लागतो. हा नियम कोणास जाचक वाटेल. पण ज्या आकाशांतून विमानांचे व जहाजांचे निरोप जातात, तेथें शिस्त हवीच.

२६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामीच्या लाटा अंदमान व निकोबार बेटांवर आदळल्या, तेव्हां कांहीं हौशी बिनतारी कार्यकर्ते योगायोगानें पोर्ट ब्लेअर येथें आपलें केंद्र मांडून बसले होते. टेलिफोन बंद पडले असतां त्यांनीं बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप भारताच्या मुख्य भूमीवर पोहोंचविले. छंद म्हणून शिकलेली विद्या त्या दिवशीं शेंकडों घरांच्या उपयोगीं पडली. बालमित्रांनो, बिनतारी यंत्रास तार कशाला, ह्याचें उत्तर आतां तुम्हांस देतां येईल. ती तार मोजून कापा, जपून बांधा, आणि प्रथम कांहीं दिवस नुसतें ऐकावयास शिका.